पाण्याचा डॉक्टर

…नाही, पण तीन लिटर? रोज? माणसाने पाणी प्यावं, मी कुठे नको म्हणतोय, पण तीन लिटर म्हणजे काय थट्टा आहे? माझे बोकडसुद्धा एवढं पीत नाहीत हो, आणि ते बिचारे दिवसभर उन्हात उभे असतात! ही बाटली बघा. हिच्यावर आमच्या रय्याने काळ्या शाईने रेघा मारल्यात… पहाटेच्या नमाजपर्यंत इथवर, दुपारच्या नमाजपर्यंत इथवर, आणि तिन्हीसांजेला तळ दिसलाच पाहिजे. आता नमाज चुकली तर अल्लाह दयाळू आहे, पण रेघ चुकली तर रय्या? छे! बायकोच्या हातात डॉक्टरचा कागद पडला की काय होतं ते लग्न झालेल्यांना मी काय सांगू? म्हणून मी पितो. पितो आणि उठतो, उठतो आणि जातो, जातो आणि… हं, होते बरं का. मोकळी होते. आणि तुम्हाला सांगतो, दर वेळी मी डॉक्टर शामिसला दुवा देतो. जागा काही दुवा देण्याची नाही, बाहेर पडेपर्यंत थांबायला हवं, सगळं कळतं मला. पण आठवण तिथेच येते त्याला मी काय करू?

मी हमदान बिन खमीस. इथे ओमानात, निझव्याच्या शुक्रवारच्या बकरी बाजारात लिलाव पुकारतो, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. दावं हातात धरून गोल गोल फिरायचं, दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक बसलेलं, आणि तोंडाचा पट्टा चालू. माझा आवाज किल्ल्याच्या बुरुजावर ऐकू येतो, खजूरवाल्यांच्या गल्लीत ऐकू येतो. आमचे व्याही नबहान, माझ्या धाकटीचे सासरे, पार पलीकडच्या बागांत राहतात, तेसुद्धा म्हणतात की शुक्रवारी मला तूच उठवतोस. असा आवाज! मग तुम्ही विचाराल, आणि विचाराच, की एवढ्या आवाजाचा माणूस दीड महिना कुशीत कळ घेऊन हिंडला आणि कोणाला एक अक्षर बोलला नाही, हे कसं?

कसं म्हणजे काय! रीत आहे आमची. माणूस दारात आला की आधी सलाम, मग तब्येत, मग मुलंबाळं, मग गुरंढोरं, मग सगळे नीट बसले की घरातला मोठा माणूस विचारतो, काय खबर? आणि आलेल्याने म्हणायचं, खबर काही नाही, सगळं बरं. घर जळालेलं असो, बायको माहेरी गेलेली असो, उंट विहिरीत पडलेला असो… खबर काही नाही, सगळं बरं! आल्या आल्या आपलं रडगाणं यजमानाच्या अंगावर टाकायचं म्हणजे काय? जनावर आहे का माणूस? माझे आजोबा गेले तेव्हा काका सांगायला आले होते आमच्याकडे. वडिलांनी विचारलं, काय खबर? काका म्हणाले, खबर काही नाही, सगळं बरं. खजूर खाल्ले. कहव्याचा एक पेला झाला, दुसरा झाला, तिसरा झाल्यावर पेला हलवून परत दिला, म्हणजे पुरे, आणि मग म्हणाले, बरं का खमीस, अब्बा गेले, दुपारच्या नमाजनंतर माती आहे, निघायचं का? याला म्हणतात माणुसकी! याच्यात वाढलेला मी. मी ओरडणार?

कळ पहिल्यांदा आली ती शुक्रवारीच, भर लिलावात. डाव्या कुशीत, पाठीकडून पुढे, आणि तिथून खाली… खाली म्हणजे तुम्हाला कळलं कुठे. माझ्या हातात एक काळी शेळी होती, बऱ्यापैकी, उत्तम नव्हे, आणि मी अशी काही किंकाळी फोडली की दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. त्यांना वाटलं हमदानला या शेळीत काहीतरी दिसलंय! भाव असा चढला म्हणता… शेळी स्वतः माझ्याकडे वळून बघायला लागली. दर शुक्रवारी हेच. मी मरतोय आणि लोक म्हणतायत, यंदा हमदान काय रंगात आलाय! बाजार आटोपला की मी भिंतीला पाठ लावून गुडघे पोटाशी घेऊन बसायचो, तोंडावर घामाच्या धारा, आणि येणारा जाणारा विचारायचा, काय हमदान, काय खबर? आणि मी म्हणायचो… म्हणा की, तुम्हालाही पाठ झालं असेल आता. खबर काही नाही, सगळं बरं.

घरी मात्र हे चालत नाही. रय्याला मी कधी खबर दिली नाही आणि तिने कधी विचारली नाही, ती सरळ बघते. मुलाच्या नावाने हाक मारते ती मला. म्हणाली, अबू मुंधिर, तुम्ही नमाज पढताना वाकता ते ठीक, पण उठताना भिंत का धरता? म्हटलं वय झालं. म्हणाली, वय काल रात्रीत झालं का? उद्या जा त्या पाण्याच्या डॉक्टरकडे.

आता हा पाण्याचा डॉक्टर म्हणजे कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल विहिरी खणतो. तसं वाटण्यात चूकही नाही म्हणा. हा शामिस, हुमैदचा मुलगा. हुमैद म्हणजे आमच्या फलजचा, डोंगरातून जमिनीखालून गावात येणाऱ्या पाण्याच्या बोगद्याचा, सफाई करणारा. बोगद्यात कुठे दगड ढासळला, गाळ बसला, की गावाचं पाणी बंद, खजूर सुकायला लागले, आणि मग हुमैदला बोलावणं. शामिस लहानपणी काडीसारखा होता, बाप त्याला कमरेला दोर बांधून आत सोडायचा. हा आत गेला की आधी भिंतीला कान लावायचा, म्हणे. पाणी कुठे अडलंय ते त्याला आवाजावरून कळायचं. मग सत्तर साली शाळा आली, शाळा म्हणजे तंबूच, त्यात मी आणि तो एकाच चटईवर बसायचो. मी एक वर्ष बसलो आणि बकऱ्यांकडे परत गेलो. तो बसला तो बसलाच! मग मस्कत, मग कैरो, मग तिकडे थंडीत, एडिनबरा का काय ते, सहा वर्षं. परत आला तेव्हा हुमैदने अख्ख्या मोहल्ल्याला जेवायला बोलावलं, आणि पानावर बसल्यावर कोणीतरी विचारलं, मुलगा कशाचा डॉक्टर झाला? हुमैदने मुलाकडे बघितलं. मुलाने बापाच्या कानात सांगितलं. बाप भातात बोटं फिरवत बसला, आणि मग मान वर करून म्हणाला, पाण्याचा!

झालं! दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याबाहेर रांग. कोणाचा पंप बंद, कोणाच्या पाइपाला गळती. बिचारा सगळ्यांना कहवा पाजायचा. आणि तुम्हाला सांगतो, तो म्हणतो त्यात फार काही खोटं नाही. म्हणतो, हमदान, मी बापाचंच काम करतोय, फक्त बोगदे बारीक झालेत. एकतीस वर्षं झाली त्याला. त्याच्या कपाटात बाटल्या आहेत छोट्या छोट्या, प्रत्येकीत लोकांच्या पोटातून काढलेले खडे, आणि वर माणसाचं नाव नाही हं, फलजचं नाव! कुठल्या गावचं पाणी पिऊन झाला ते. माणसाची अब्रू झाकलेली आणि पाण्याची उघडी. असा माणूस.

तर गेलो. आत वेटिंगच्या खोलीत पाऊल टाकलं आणि पाहतो तर काय… अर्धा निझवा! भिंतीला टेकून नऊ जण, एकजात पांढरे धोप अंगरखे, डोक्याला टोप्या, हातात काठ्या, आणि प्रत्येकाची बसण्याची तऱ्हा वेगळी. कोणी एका कुल्ल्यावर, कोणी पुढे वाकून, एक जण तर उभाच, बसायला तयार नाही. आणि मधोमध आमचे व्याही नबहान! आता परत फिरता येतं का? सलाम झाला, तब्येती झाल्या, मुलंबाळं झाली, नबहानने विचारलं, काय खबर? मी म्हणालो, खबर काही नाही, सगळं बरं. तुमची? ते म्हणाले, खबर काही नाही, सगळं बरं. मी बाकीच्यांकडे बघितलं. आठही जणांनी घाम पुसत सांगितलं, सगळं बरं! मग नबहान हळूच म्हणाले, मी आपला भावाचा रिपोर्ट घ्यायला आलोय. अहो, त्यांचा भाऊ चार वर्षांपूर्वी वारला, मी स्वतः मातीला होतो! पण मी काही बोलतो का? मी म्हटलं, अल्लाह त्याला आराम देवो. पलीकडचा म्हणाला, मीही भावाचाच. तिसरा म्हणाला, मेव्हण्याचा. कोपऱ्यात उभा होता तो म्हणाला, मी आपला सहज आलो.

नंतर मला कळलं की ही तर त्या दवाखान्याची चालच आहे. डॉक्टर कधी विचारतच नाही की तुला काय होतंय. तो विचारतो, भावाला काय होतंय? आणि मग काय, भावाचं सगळं भडाभडा बाहेर येतं! भावाला जळजळ होते, भाऊ दहा वेळा उठतो, भावाला थेंब थेंब होते. शामिस ऐकतो, लिहितो, आणि शेवटी म्हणतो, बरं, आता भावाच्या वतीने जरा या पलंगावर आडवा हो. अशी एकतीस वर्षं काढलीत त्या माणसाने, आणि कोणाला एकदाही हसला नाही.

पण माझी पंचाईत बघा. मी एकुलता एक. अख्ख्या निझव्याला ठाऊक. भाऊ आणू कुठून? माझा नंबर आला, आत गेलो, शामिसने समोर खजूर ठेवले, कहवा ओतला, विचारलं, काय खबर? आणि माझ्या तोंडून निघालं, खबर काही नाही, सगळं बरं. तो थांबला. कहवा ओतत राहिला. मी पेला हलवला. तो अजून थांबला. आणि मी काय करावं? मी त्याला बोकड विकला! म्हटलं, डॉक्टर, ईद जवळ आलीय, एक पांढरा बोकड आहे माझ्याकडे, तुमच्यासाठीच ठेवलाय. तो म्हणाला, बरं, आण. पंधरा दिवसांनी कळ सहन होईना म्हणून परत गेलो. या वेळी ठरवून गेलो होतो की बोलायचंच, दाराबाहेर तीन वेळा घोकलं होतं… काय खबर? खबर काही नाही, सगळं बरं. आणि दुसरा बोकड विकला. दवाखान्याच्या मागच्या अंगणात आता दोन बोकड आणि माझ्या पोटात खडा, तिघेही जिथल्या तिथे!

आणि मग एके दिवशी कळ थांबली. अशी थांबली की काही विचारू नका. सकाळी उठलो तर कूस हलकी. मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह, मी जिंकलो! न बोलता जिंकलो! चार दिवस मी नुसता तरंगत होतो. रय्या मात्र माझ्या पायांकडे बघत होती. म्हणाली, चपलेचा पट्टा का लागत नाही? पाय सुजलेत तुमचे. आणि सकाळपासून एकदाच गेलात तुम्ही, मी मोजतेय. अहो, बायको हे मोजते? म्हटलं मी ठणठणीत आहे, जाऊन त्या शामिसच्याच तोंडून वदवून आणतो. तिसऱ्यांदा गेलो. ताठ बसलो. खजूर समोर आले तसे सात खाल्ले, दाखवायला की बघ, भूक लागते मला. काय खबर? आणि या वेळी तर मी गाऊनच सांगितलं, खबर काही नाही, सगळं बरं!

शामिसने पेला खाली ठेवला. म्हणाला, खबर माझ्याकडे आहे. तू दिलेला बोकड आजारी पडलाय.

माझा बोकड? आजारी? एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं जनावर कधी… मी उठलोच. म्हटलं काय होतंय त्याला? तो शांतपणे सांगायला लागला. म्हणे महिन्यापूर्वी आला तेव्हा एका बाजूने वाकून उभा राहायचा. डावी कूस चाटायचा. पंधरा दिवसांनी चाऱ्याला तोंड लावेना, अंगाला घाम, दात खायचा, उठायचा, बसायचा, परत उठायचा. मी म्हटलं, अहो डॉक्टर, तुम्ही पाण्याचे डॉक्टर आणि तुम्हाला एवढं कळेना? खडा अडकलाय त्याला! बोकडांना होतो, नुसतं धान्य घालता तुम्ही, हिरवं घालत नाही, खडा धरतो. तो म्हणाला, असेल. पण आता चार दिवस झाले, तो एकदम शांत झालाय. वाकत नाही, दात खात नाही, चाराही खातो. मग बरा झाला ना?

आणि मी, तुम्हाला सांगतो, माझ्या धंद्यातल्या ऐटीत, त्याची कीव करत, खुर्चीवर मागे रेलून सांगितलं…

"बरा कसला होतोय, डॉक्टर? लघवी झालेली पाहिलीत का त्याची? नाही ना? मग तो गेला. खडा अडकलेला बोकड ओरडतो तोवर आशा असते. गप्प झाला की आतलं फुटलं तरी किंवा मेलं तरी. आजच सुरी फिरवा, उद्या मांसही कामाचं राहणार नाही."

शामिस उठला आणि मागची खिडकी उघडली. अंगणात माझे दोन्ही बोकड उभे होते, एक लिंबाचं झाड खात होता आणि दुसरा टॉवेल. तुकतुकीत. ठणठणीत.

"हमदान," तो म्हणाला, "पहिल्यांदा आलास तेव्हा तू वाकून बसला होतास, मला काळजी वाटली नाही. दुसऱ्यांदा तुला खजूर गिळवेना, तेव्हाही मी म्हटलं, बोलेल अजून. आज तू सात खजूर खाल्लेस आणि मी घाबरलो."

माझ्या हातात आठवा खजूर होता. तो मी परत ताटात ठेवला.

पुढे मग सगळं पटापट. पलंगावर आडवं केलं, पोटावर गार गार काहीतरी चोपडलं, आणि ते यंत्र फिरवता फिरवता त्याने मान तिरकी केली. भिंतीला कान लावल्यासारखी. मला एकदम त्याचा बाप आठवला. म्हणाला, हमदान, तुझी उजवी किडनी जन्मापासून बोराएवढी आहे, कधी कामाचीच नव्हती. तू आयुष्यभर एकट्या डावीवर जगलायस आणि ती आता बुडत चाललीय. खडा अडकून मागे पाणी तुंबलंय. आज मोकळं केलं नाही तर उरलेलं आयुष्य मशीनला बांधलेला राहशील, आठवड्याला तीन दिवस. मी विचारलं, शुक्रवार त्यात येतो का? तो म्हणाला, येतो.

आणि ऑपरेशन कसं, तर दुर्बीण घालून. म्हटलं कुठून? म्हणाला, जिथून पाणी येतं तिथून. म्हटलं, आत? उलट दिशेने? म्हणाला, बोगद्यात नेहमी उलट दिशेनेच जावं लागतं, पाणी येतं तिकडे तोंड करून. हे ऐकून कोणाला धीर येत असेल तर येवो, मला नाही आला. मला ढकलत नेलं, वर ते दिवे, सगळे हिरवे कपडे घालून उभे, आणि माझ्या अंगावर काय होतं ते विचारू नका, मागून उघडं होतं. तो वाकला माझ्यावर. नुसते डोळे दिसत होते. आणि तिथे, आयुष्यात पहिल्यांदा, मी रीत सोडली. त्याला डॉक्टर म्हणालो नाही, तुम्ही म्हणालो नाही. म्हणालो, शामिस, मला भीती वाटतेय. मला फार दुखत होतं रे.

तो म्हणाला, "माहीत आहे मला. तू सांगितलंस ते बरं केलंस." आणि डोळ्यांवरून हात फिरवला माझ्या, लहान मुलाच्या फिरवतात तसा. एवढंच आठवतं.

बारा आणे परत मिळाली. किडनी हो! चार आणे गेली ती माझ्या रीतीभातीपायी, पण बारा आणे त्याने ओढून आणली. जागा झालो तर रय्या उशाशी, रडूनरडून तोंड सुजलेलं, आणि पलंगाला एक पिशवी लटकलेली, तिच्यात भरतंय, भरतंय, भरतंय… रय्या त्या पिशवीकडे अशी बघत होती, तसं कधी माझ्याकडे बघितलं नाही तिने. शामिस येऊन उभा राहिला. मी त्याचा हात धरला, सोडेचना. म्हटलं, जबल अखदर डोंगरावरचा सगळ्यात देखणा बोकड देतो तुला. म्हणाला, नको बाबा, दोन आहेत, ते अंगण खाऊन आता दवाखान्यात शिरतायत. म्हटलं मग माग काहीतरी, मला चैन पडायचं नाही. तो खाटेवर बसला. म्हणाला, गेल्या वर्षी तीन जण माझ्याकडे आले ते शांत झाल्यावरच आले. भली माणसं होती. तिघांनीही मला सांगितलं, खबर काही नाही, सगळं बरं. आता तिघेही मशीनवर आहेत. मी एकतीस वर्षं हळू आवाजात विचारतोय, हमदान, मला याहून मोठा आवाज नाही. तुला आहे.

कळलं ना काय मागितलं त्याने? बाजारात! शुक्रवारी! चारचौघांत! मी म्हटलं माझा गळा माग, पण हे नको. आठवडाभर मी रय्याला कारणं सांगत होतो. शेवटी ती म्हणाली, अबू मुंधिर, त्या माणसाने तुमच्यासाठी कुठे कुठे हात घातला, आणि तुम्हाला तोंड उघडायला लाज वाटते?

गेलो. शुक्रवार, ईदच्या आधीचा, बाजार तुडुंब. हातात बोकडाचं दावं धरलं, कारण रिकाम्या हाताने मला बोलता येत नाही, आणि फिरायला लागलो, आणि पुकारलं… ऐका हो ऐका! माल हमदान बिन खमीस! वय सहासष्ट! उजवी किडनी जन्माचीच लहान, डावी बारा आणे! कळ आली दीड महिना, बोलला नाही! कळ थांबली, वाटलं बरा झालो, तर मरत होतो! ज्याला कळ आहे त्याने जावं, ज्याची थांबलीय त्याने पळत जावं! शामिस बिन हुमैद, पाण्याचा डॉक्टर! तीन फेऱ्या मारल्या तशा. आवाज बुरुजावर गेला, खजूरवाल्यांत गेला, बागांत गेला. वाळवंटातून आलेल्या एका बदूला नीट कळलं नाही, तो पुढे आला आणि मला म्हणाला, दात दाखव. बाकी सगळे खाली बघत बसलेले, जमिनीत काही हरवल्यासारखे. मी थांबलो. घाम पुसला. एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, काय खबर? आणि दोन्ही बाजूंनी, एका सुरात, मशिदीत आमीन म्हणावं तसं आलं… खबर काही नाही, सगळं बरं!

पडेल तोंडाने घरी गेलो. म्हटलं अब्रू गेली ती गेली, कोणाचं भलंही झालं नाही.

चार दिवसांनी शामिसचं बोलावणं. गेलो तर दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. जिन्यावर माणसं, अंगणात बोकडांच्या शेजारी माणसं! मला बघितलं आणि सगळ्यांनी टोप्या पुढे ओढल्या. शामिसने आत घेतलं, दार लावलं, आणि समोर वही ठेवली. म्हणाला, शनिवारपासून एकोणपन्नास जण आले. भावाचा रिपोर्ट घ्यायला एकही आला नाही. मी म्हटलं, मग? म्हणाला, सगळे म्हणतात, हमदानला होतंय. बघ, हमदानला जळजळ होते. हमदानला उठावं लागतं. हमदानचे दोन खडे, दोन्ही बाजूंना. एका माणसाने सांगितलं, हमदानची कळ परवाच थांबली, त्याला मी पळत ऑपरेशनला नेला, वाचला. माझ्या वहीप्रमाणे तू सोमवारीच मेला असायला हवा होतास. असं म्हणाला आणि तो, जो एकतीस वर्षांत कोणाला हसला नाही, तो टेबलावर डोकं ठेवून हसला, आणि वर बघितलं तेव्हा डोळे पुसत होता.

आता रस्त्याने जाणं मुश्कील झालंय मला. लोक थांबवतात, हात हातात घेतात, डोळ्यांत पाणी आणून विचारतात, हमदान, आता बरं वाटतंय ना तुला? आणि त्यांच्या तोंडावरून मला कळतं की आता बरं वाटतंय त्यांना. मी म्हणतो हो, वाटतंय. काल आमचे व्याही नबहान आले घरी. कहवा झाला, खजूर झाले, तिसरा पेला हलवून परत दिला आणि म्हणाले, हमदान, तुझं ऑपरेशन रविवारी ठरलंय, आठ वाजता, दुवा कर. मी म्हटलं, माझं? फार दुखतंय का? ते म्हणाले, मला काय माहीत, तुझं दुखणं! आणि माझा हात धरून बसले, हात गार पडलेला, सोडवेना त्यांना.

तर चला, निघतो मी. रविवारी सातलाच पोचायला हवं. माझंच ऑपरेशन आणि मीच नाही, बरं दिसतं का ते?